लॉर्ड ब्रेनॉकची बहीण

आमच्या घरमालकांचा व्हॅम्पायरवर विश्वास नव्हता. पण व्हॅम्पायरला वारस नसतो, हे मात्र त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

"आठशे वर्सां जगला ना तो? मंग किल्ला कोनाच्या नावावर हाय?" हा त्यांचा आम्हाला पहिला प्रश्न. आम्ही सात जण होतो. त्यातले बहुतेक पदवीधर, एक तर एमबीए, आणि सगळ्यांनी मिळून त्या लॉर्ड ब्रेनॉकवर काही हजार पानं लिहिलेली. त्याच्या डोळ्यांचा रंग कितव्या भागात बदलतो हे आम्हाला तोंडपाठ होतं. किल्ल्याचा सातबारा बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ज्यांना हा आजार झालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका परदेशी मालिकेत लॉर्ड ब्रेनॉक नावाचा व्हॅम्पायर पडक्या किल्ल्यात राहतो आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघतो. दुसऱ्या मालिकेत एका दवाखान्याच्या रात्रपाळीचे सगळे डॉक्टर व्हॅम्पायर आहेत, आणि तरीही पेशंट बरे होऊन घरी जातात. दोन्ही मालिकांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. आम्ही फॅन मंडळी या दोन्हींतली पात्रं एकत्र आणून, त्यांचा पूर्वेतिहास रचून, आपल्या मनच्या गोष्टी लिहायचो आणि इंटरनेटवर टाकायचो. याला क्रॉसओव्हर म्हणतात. माझ्या आईच्या भाषेत, नसते उद्योग.

ग्रुपची अ‍ॅडमिन 'काळरात्र' या नावानं लिहायची. प्रत्यक्षात ती एका पतसंस्थेत नोकरी करायची आणि साडेनऊला झोपायची. 'रक्तपिपासू' नावाचा एक मुलगा होता, तो अंडं घातलेला केकसुद्धा खायचा नाही. आमची बैठक भरायची रविवारी सकाळी दहाला, कारण सगळ्यांना तेव्हाच सवड असायची. आणि माझ्या खोलीवर, कारण तिथे कुणाचेच आईवडील नव्हते. बाहेर लख्ख ऊन, ताटलीत पोहे, आणि चर्चा मानेवरच्या चाव्याची. लॉर्ड ब्रेनॉकनं आम्हाला पाहिलं असतं तर लाजेनंच त्याची राख झाली असती.

खोली करावे गावात होती. जुईनगरला वडिलांच्या घरात रोज रात्री भाजी कुठलीही असो, तोंडी लावायला माझं लग्न असायचं. म्हणून मी दोन स्टेशनं पळून आले होते. इमारत तीन मजली, जुन्या गावठाणाला खेटून. घरमालक तळमजल्यावर एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. त्यांना सगळे काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा लेंगा, बाह्यांची बनियन आणि कानावर लाल पेन्सिल. नोकरी एका जमिनीच्या कचेरीत झाली होती. कोण मेलं, मागे कोण राहिलं, कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं, हे तपासण्यात सगळी हयात गेली. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी ती पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती.

समोर आलेल्या माणसाची वंशावळ काढल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. सिलिंडर घेऊन आलेला माणूस सिलिंडर खांद्यावर तसाच धरून आजोबांचं नाव आठवत उभा असायचा. माझी आई पहिल्यांदा खोली बघायला आली तेव्हा काकांनी पाच मिनिटांत आम्हाला आमच्या मराठवाड्यातल्या गावापर्यंत, चार पिढ्या मागे नेऊन सोडलं. मग पेन्सिल हवेत थांबली.

"तुमच्या सासऱ्याला पोरी किती?"

"एकच. म्हणजे दोन. धाकटीचं आमचं फारसं येणं-जाणं नाही."

"येना-जाना नाय म्हनून पोरगी कमी व्हते काय बाय?" काका म्हणाले आणि त्यांनी आत्याचं नाव लिहून घेतलं. माझ्याच आत्याचं नाव मला त्या दिवशी, परक्या माणसाच्या वहीत, पहिल्यांदा नीट कळलं. आईला मात्र घरमालक भोचक वाटले.

त्यांची दुसरी तऱ्हा उंबऱ्याची. भाडेकरूच्या खोलीत ते कधी पाऊल टाकायचे नाहीत. माझा गिझर गळायला लागला तेव्हा प्लंबर आत आणि काका दारात. कमरेपासून वर सगळा माणूस माझ्या खोलीत वाकलेला, हातात बॅटरी, तोंडानं सूचना. पण दोन्ही पाय बाहेर. "आत या ना काका," म्हटलं की म्हणायचे, "नाय. बोलवल्याबिगर दुसऱ्याच्या घरात जावाचा नाय." मी म्हणायचे, अहो आत्ताच बोलावलं ना. त्यावर ते बॅटरी बंद करून निघून जायचे. स्वतःच्या घरात मात्र त्यांनी आम्हाला कधीच बोलावलं नाही. भाड्याचा करार जिन्यात झाला, चावी जिन्यात मिळाली, आणि चतुर्थीचा मोदकही जिन्यातच.

तिसरी तऱ्हा मासळीची. दर रविवारी सकाळी आठ वाजता मी जवळच्या दिवाळे गावात, मासळी बाजारात जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझं मत विचारलं नव्हतं. "जेट्टीच्या आंगाला निली ताडपत्री हाय. तिच्याखाली बसते, तिच्याकरनंच घेवाचा. दुसरीकर जावाचा नाय. आन माजा नाव सांगावाचा नाय."

निळ्या ताडपत्रीखाली साधारण त्यांच्याच वयाची एक बाई टोपली घेऊन बसायची. काटक, तोंडानं फटकळ. भाव केला की म्हणायची, "घेवाचा तं घे, नाय तं फोटो कार नि जा." मी गेले की मात्र टोपलीतलं वरचं सोडून खालचं काढायची, कोलंबी असली तर सोलून द्यायची. एकदा मी खाडीतल्या निवट्या मागितल्या, तर म्हणाली, "नको नेव. म्हाताऱ्याना काटा सोसत नाय."

म्हातारा आहे हे मी कधी बोलले नव्हते. पात्रांच्या मनातले छुपे हेतू ओळखण्यावर मी ग्रुपला तीन लेख लिहून दिले होते. मला काही म्हणजे काही संशय आला नाही. उलट मी ग्रुपमध्ये पिकवलं, की काकांचं जुनं प्रेमप्रकरण असणार. काळरात्रनं त्यावर लगेच दोन भागांची गोष्ट पाडली. त्यात काका व्हॅम्पायर होते आणि ती मत्स्यकन्या.

आमच्या चर्चेत काका शिरले ते चपलांमुळे. रविवारी माझ्या दाराबाहेर सात जोड चपला दिसल्या, म्हणून ते चौकशीला वर आले. आत लॉर्ड ब्रेनॉकनं आजवर किती जणांना चावून आपल्यासारखं केलं यावर हाणामारीची वेळ आली होती. काकांनी दारातूनच सगळं ऐकलं. खाली गेले, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेर बसले. पुढची दोन वर्षं दर रविवारी ते तिथेच बसले. किल्ल्याच्या वारसाचा तो प्रश्न त्याच दिवसाचा.

दुसऱ्या रविवारी ते लॉर्ड ब्रेनॉकची वंशावळ घेऊन आले. लांबलचक कागद, आखलेल्या रेघा, प्रत्येक नावाखाली 'हयात' किंवा 'मयत'. ब्रेनॉकपाशी गाडं अडलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मरून जिवंत असलेला इसम त्यांच्यापुढे आला नव्हता. शेवटी त्यांनी 'मयत, परंतु हजर' असं लिहिलं होतं.

"आन हे चावून झालेले पोरगं," ते पेन्सिल रोखून म्हणाले, "ह्याना दत्तक धरावाचा का औरस?"

यावर आम्ही दोन रविवार भांडलो. आणि सांगायला लाज वाटते, पण आमच्या गोष्टी त्यानंतर सुधारल्या. पूर्वी आमची पात्रं नुसती खिडकीतून बघत उसासे टाकायची. आता त्यांना आई, मामा, गाव आणि भाऊबंदकी होती. वाचक वाढले. कुणीतरी दुसऱ्या देशातून लिहिलं की तुमच्या पात्रांचा पूर्वेतिहास फार खरा वाटतो. काळरात्रनं ते सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

मग तो उंबऱ्याचा रविवार आला. व्हॅम्पायरांचा एक जुना नियम आहे. आतून कुणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात शिरू शकत नाही. लॉर्ड ब्रेनॉक दवाखान्यात कसा शिरणार, ही आमची अडचण होती. काकांनी ती चुटकीसरशी सोडवली: "सरकारी दवाखाना आसंल तं बोलवनं नको. खाजगी आसंल तं केसपेपर कारला म्हनजे बोलवलाच." आम्ही टाळ्या वाजवल्या. पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आन घरवाल्यानं बोलवलाच नाय तं?" त्यांनी विचारलं.

"मग बाहेरच राहणार ना काका," रक्तपिपासू म्हणाला.

"किती दिस?"

"कितीही. हंड्रेड इयर्स. रूल म्हणजे रूल."

"आन तिचाच घर आसंल तं?"

"तिचं म्हणजे कुणाचं?" काळरात्रनं विचारलं. काकांनी खुर्ची उचलली आणि ते खाली गेले. आम्हाला वाटलं, चहाची वेळ झाली.

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, की लॉर्ड ब्रेनॉकला एक धाकटी बहीण आहे.

"अरे यार काका, कॅननमध्ये बहीणच नाहीये!" काळरात्र कळवळली. कॅनन म्हणजे मूळ मालिकेत जे दाखवलंय ते. फॅन लोकांत ते ब्रह्मवाक्य. आठशे वर्षांचा माणूस रक्त पितो हे आम्ही मुकाट्यानं मानायचो; पण कॅननमध्ये नसलेली बहीण म्हणजे अतीच झालं.

"वंशावलीत नाव नाय म्हनून बहीन नाय, असा नसतं," काका म्हणाले.

"मग तिचं नाव का नाही? बॅकस्टोरी द्या. बॅकस्टोरी पटली तर घेऊ."

काकांनी बॅकस्टोरी लिहायला घेतली. फुलस्केप कागदावर, लाल पेन्सिलीनं, कचेरीच्या भाषेत. 'सदर बहीण' अशी तिची सुरुवात व्हायची. टाइप करायचं काम माझ्याकडे. पहिल्या खर्ड्यात सदर बहीण जत्रेत हरवली. दुसऱ्यात पटकीनं मेली. तिसऱ्यात खलाशाबरोबर गेली. पाचव्यात कारकून नाव लिहायला विसरला. आठव्यात वंशावळीचा कागद पावसात भिजला. अकरा खर्डे झाले. काळरात्र पतसंस्थेत कर्जाचे अर्ज नाकारते त्याच चेहऱ्यानं अकराही नाकारत गेली. अकराव्याला ती म्हणाली, "काका, रीडर एकच गोष्ट विचारणार. नाव गाळलं कुणी? तुम्ही तेच सांगत नाही आहात."

काकांनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "कागद भिजला व्हता." आणि उठले. त्या दिवशी त्यांची खुर्ची वरच राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी मी दिवाळ्याला गेले. गिऱ्हाईक कमी होतं, आणि मला गप्प बसायचा शाप नाही. मी त्या बाईला सगळी गंमत रंगवून सांगितली. आमचे घरमालक कसे गोष्ट लिहितात, त्यात एक राजा आहे, त्याच्या बहिणीचं नाव कागदावर नाही, आणि अकरा वेळा लिहून म्हाताऱ्याला कारणच सापडत नाही. मी हसत होते. तिची सुरी थांबली होती.

"मंग? काय झाला व्हता कागदाना?"

"पावसात भिजला म्हणतात."

तिनं कोलंबी सोलली नाही. होती तशी पिशवीत टाकली. "त्याना सांग," ती म्हणाली, "कागद कोरडा व्हता. मी बघलाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतका उशिरा, की मला स्वतःचीच कीव आली.

मी निरोप जसाच्या तसा दिला, जिन्यात. काकांनी पिशवी घेतली, आत बघितलं, न सोललेली कोलंबी बघितली. मग ते पायरीवर बसले. मी त्यांना कधी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं: नवं शहर वसवायला सरकारनं जमिनी घेतल्यानंतर गावातल्या लोकांना बदल्यात भूखंड मिळायचे होते, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक घरानं वारसांची वंशावळ द्यायची होती. अख्ख्या आळीत अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांच्या वंशावळी काकांनीच लिहिल्या. दुसऱ्यांच्या घरातल्या दिवाळ्याला, शहाबाजला, उरणला दिलेल्या पोरींची नावं शोधशोधून घातली. स्वतःच्या घराची लिहिताना मात्र बापाच्या खाली एकच रेघ ओढली. बहिणीला दिवाळ्यात दिली होती, तिचं घर होतं, नवऱ्याची होडी होती, तिला काय करायचंय, असा हिशेब. गावात यादी लागली. ती टोपली डोक्यावर घेऊन तशीच दारात आली आणि म्हणाली, माझं नाव कुठंय?

"मी आत व्हतो," काका म्हणाले. "बोल्लो, उद्या बघू. तिना आत ये बोल्लो नाय."

"का नाही बोललात?"

"बोलवली आसती तं बसली आसती. बसली आसती तं बोलावा लागला आसता." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "तीस वर्सां झाली. माना वाटला, माहेर तिचा, येल तिची ती. ह्या तुमच्या रक्तवाल्यांचा नियम माना ठाव नव्हता."

त्या माणसाचा मला राग आला. जगाच्या आत्या शोधत फिरणारा हा गृहस्थ, आणि ज्या जिन्यात मी उभी होते तो जिना त्यांच्या बापाच्याच जागेवरचा, म्हणजे अर्धा तिचा होता. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "हाव. अर्धा."

बारावा खर्डा पाच ओळींचा होता. 'सदर बहिणीचे नाव भावाने स्वहस्ते गाळले. कारण लोभ. कागद कोरडा होता. बहीण दारात आली असता भावाने तिला आत बोलावले नाही. सबब ती अद्याप बाहेर उभी आहे.' काळरात्रनं तो वाचला, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच एकही दुरुस्ती न सुचवता पास केला.

मग काका दिवाळ्याला निघाले. एकटं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून मला रिक्षात घातलं. खिशात स्टॅम्पपेपरवर लिहिलेली नवी वंशावळ. तिच्यात बापाच्या खाली दोन रेघा, आणि बहिणीचं नाव स्वतःच्या आधी. निळ्या ताडपत्रीची सावली जिथे संपते तिथे ते थांबले. पाय बाहेर, उन्हात. ती बोंबील साफ करत राहिली. अर्धा तास. गिऱ्हाइकं काकांना वळसा घालून जात होती. व्हॅम्पायर असते तर एव्हाना राख झाली असती. काकांना फक्त दरदरून घाम आला.

शेवटी ती मला म्हणाली, "काय लिवलाय तो? वाच."

मी बारावा खर्डा वाचला. मासळी बाजारात, मोठ्यानं. शेजारची कोळीण कान देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर काकांची बहीण म्हणाली, "ती राजाची बहीन खाते काय?"

"रक्त."

"शी! बोंबील खाते आसा लिव."

काकांनी स्टॅम्पपेपर पुढे केला. तिनं ओला हात पदराला पुसून तो घेतला, उलटसुलट बघितला. "कागद तू आयुष्यभर लिवलास," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "माना कागदानं बोलवू नको. रविवारी येन मी. दारात उबी राहीन. तोंडानं बोलव." एवढं म्हणून तिनं कागद मात्र टोपलीखाली, कोरड्या जागी, नीट सरकवून ठेवला.

त्या रविवारी आम्ही बैठक रद्द केली आणि सगळे सात जण जिन्यात येऊन बसलो. अकरा वाजता ती आली. डोक्यावर टोपली, नवी साडी. तळमजल्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत काका. दोन वर्षं आमच्या दारात बसून अखंड बोलणारा माणूस, आणि आता तोंडातून शब्द फुटेना. एकदा पेन्सिल चाचपली, एकदा घसा खाकरला. ती टोपली सावरत उभी. मला तेव्हा खरंच भीती वाटली की ते 'उद्या बघू' म्हणतील.

"ये," ते पुटपुटले.

"आयकू आला नाय."

"ये गो बाय! आत ये!" काका ओरडले. इतक्या जोरात, की समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीत माणसं आली. रक्तपिपासू तर ढसाढसा रडायला लागला.

ती आत गेली. टोपली उतरवली, भिंतींवरून नजर फिरवली, बापाच्या फोटोपुढे थोडी थांबली. मग वळून दारात आली आणि जिन्यात ओळीनं बसलेल्या आम्हाला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमी काय बाहेर बसलेत? या सगली आत. माज्या बापाचा घर हाय."

आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो. चार वर्षं त्या इमारतीत राहून काकांचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिलं.